बाबांचं युरिक ॲसिड ७.८ आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६०, डाळ खरंच बंद करायची का?

साताऱ्याची लेक:
बाबा ५८ वर्षांचे, बीपीची गोळी ७-८ वर्षं चालू, शुगर नाही. पाय दुखतात म्हणून परवा सगळ्या टेस्ट केल्या तर टोटल कोलेस्टेरॉल २३८, ट्रायग्लिसराईड (रक्तातली चरबी) २१०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६, एलडीएल १६०, युरिक ॲसिड ७.८. शेजारचे काका म्हणाले डाळ, टोमॅटो, पालक सगळं बंद, तेव्हापासून बाबा नुसता ताकभात खातायत आणि आईचा जीव तुटतोय. सांधा कधी सुजलेला नाही. आमचे डॉक्टर सोमवारी येणार, तोपर्यंत काय करू?

लॅबवाली ताई:
रक्त उपाशीपोटी दिलं होतं का? जेवणानंतर ट्रायग्लिसराईड वाढतं आणि बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल मोजत नाहीत, हिशोबाने काढतात. २१० भागिले ५ म्हणजे ४२, मग २३८ वजा ३६ वजा ४२, आले बघ तुझे १६०. म्हणून एक आकडा स्वतः काढ, टोटल वजा एचडीएल. तुमचा २०२ येतो, साधारण १३० च्या आत हवा. हा जेवणाने फारसा हलत नाही. मला तुमच्या रिपोर्टमध्ये काळजी याचीच वाटते, युरिक ॲसिडची नाही.

अंगठेदुखीवाला:
मला गाऊट आहे, म्हणजे युरिक ॲसिडने सांधे सुजतात, माझं ९ च्या वर गेलं होतं, रात्री दोनला पायाचा अंगठा असा पेटला की चादर लागली तरी ओरडायचो. मीपण डाळ सोडली होती, सांधेवाल्या डॉक्टरांनीच परत चालू करायला लावली. डाळी-पालकाने गाऊट वाढत नाही, वाढतो तो कलेजी, कोळंबी, सुकट, बियर आणि गोड कोल्ड्रिंकने. अटॅक नसेल तर ७.८ ला सहसा गोळी देत नाहीत. बीपीच्या गोळीच्या पाकिटावर हायड्रोक्लोरोथायाझाइड लिहिलंय का बघा, त्याने युरिक ॲसिड वाढतं. पण आपल्या मनाने बंद करू नका हं, डॉक्टरांना विचारा, बदलून देता येते.

साताऱ्याची लेक:
पाकीट बघितलं, टेल्मिसार्टनसोबत तेच आहे!! आणि उपाशीपोटी नव्हतं, चहा-बिस्किट झालं होतं. एक लिहायचं राहिलं, बाबा तंबाखू मळतात, दिवसाला दोन पुड्या.

मिरजेचा दादा:
ताई, हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतंस. बीपी, तंबाखू, एचडीएल ४० च्या खाली आणि एलडीएल १६०, हे चारही एका माणसात असणं हृदयासाठी वाईट. सोमवारी ईसीजी, थायरॉईड, क्रिएटिनीन (किडनीची टेस्ट) आणि तीन महिन्यांच्या साखरेची टेस्ट याबद्दल विचार, थायरॉईड कमी असेल तरी कोलेस्टेरॉल चढतं. पाय चालताना दुखतात आणि थांबलं की बरे होतात असं असेल तर तेही आवर्जून सांग, पायाच्या रक्तवाहिन्या तपासतील. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी दिली तर 'एकदा लागली की सुटत नाही' असं म्हणून टाळू नका. माझ्या वडिलांच्या छातीवर दाब आला, घाम फुटला, आम्ही गॅस समजून सोडा पाजला आणि चार तास गेले. वाचले, पण हृदय कायमचं कमजोर झालं. असं काही वाटलं तर सोमवारची वाट बघू नका, तडक ईसीजी असलेलं हॉस्पिटल गाठा.

साताऱ्याची लेक:
चालतानाच दुखतात, चौकापर्यंत गेले की थांबावं लागतं. सोमवारची वाट बघत नाही, उद्याच दुसऱ्या डॉक्टरांकडे नेते, रक्तही उपाशीपोटी परत देऊ. आज आईने आमटी केली, बाबांनी दोन वाट्या घेतल्या. पुडी अजून खिशातच आहे, ती डॉक्टरांसमोर काढायला लावणार आहे.