मदत हवी आहे: शाळेचा हवामान फुगा सोडायचाय, सोलापुरात हेलियम कुठे मिळेल? (तातडीचं)

विज्ञानवाले_सर
नमस्कार मंडळी. आमच्या शाळेत आठवी-नववीच्या मुलांनी हवामान फुग्याचा प्रकल्प घेतलाय. फुगा तीस किलोमीटरपर्यंत जाऊन फुटणार, डबा पॅराशूटने खाली येणार, कॅमेरा आणि सेन्सर परत मिळणार. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी सोडायचा आहे. मुख्याध्यापकांनी पालकसभेत जाहीर करून टाकलंय, आमदारांना निमंत्रणही गेलंय. फुगा आलाय, डबा तयार आहे, घोडं अडलंय फक्त हेलियमवर. एमआयडीसीत एक जण म्हणतो पुण्याहून मागवून देतो पण भाव नंतर सांगतो, दुसरा फोनच उचलत नाही. सोलापुरातला कुणी खात्रीचा माणूस माहीत असेल तर सांगा. कृपया फक्त हेलियमबद्दलच लिहा, बाकी सगळं झालंय.

काटकोन
फुगा किती ग्रॅमचा? डब्याचं वजन किती? ते कळल्याशिवाय किती गॅस हवा हे कसं सांगणार?

शेंगाचटणी
काय करलालाव मालक, हेलियमला कशाला पैसे घालवता? होम मैदानावर गड्ड्याची जत्रा अजून उठली नसेल तर तिथल्या फुगेवाल्याला गाठा. त्याच्याकडं टाकी असतेय की. शंभर-दोनशे रुपयांत काम होतंय.

नळकांडं
वरचा सल्ला अजिबात ऐकू नका. माझा धंदाच औद्योगिक गॅसचा आहे म्हणून सांगतो. जत्रेतल्या टाकीत बहुतेक वेळा हायड्रोजन असतो, तोही कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियमचे तुकडे घालून जागेवर केलेला. त्या टाकीची ना तपासणी, ना धड झडप. पोरं भोवती उभी करून असली टाकी उघडायची म्हणजे विचारायलाच नको.

शेंगाचटणी
हवामान खातं तरी काय भरतंय मग? हायड्रोजनच की.

नळकांडं
भरतं. त्यांची माणसं रोज तेच करतात, शेड वेगळी असते, भोवती ठिणगी पडू देत नाहीत. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन कुठल्याही प्रमाणात पेट घेतो, आणि ज्योत दिवसा दिसतसुद्धा नाही. शाळेच्या पटांगणावर हेलियमच. आणि सर, पुरवठादाराला ‘बलून गॅस’ सांगू नका, वाढदिवसाच्या फुग्यांसाठी हवा मिसळलेला माल येतो. शुद्ध हेलियम म्हणून लेखी घ्या. रेग्युलेटर आणि नळी सोबत देतो का तेही विचारा, नाहीतर टाकी येईल आणि भरायचं कशानं म्हणून बसाल.

विज्ञानवाले_सर
फुगा १००० ग्रॅमचा. डबा साधारण दीड किलो भरेल. थर्माकोलचा आहे, आत ॲक्शन कॅमेरा, पॉवर बँक, आर्डुइनो (छोटा कंट्रोलर बोर्ड), जीपीएस, तापमान-दाबाचे सेन्सर आणि सिमकार्डवाला ट्रॅकर. आता सांगा.

काटकोन
आता बोलता येईल. एक घनमीटर हेलियम ढोबळमानाने एक किलो उचलतो. फुग्याचा एक, डब्याचा दीड, आणि वर चढण्यासाठी साधारण एक किलो जास्तीची ओढ. म्हणजे साडेतीन घनमीटर. मोठी उभी टाकी सात घनमीटरची येते, एक पुरून उरेल.

भरताना अंदाजपंचे करू नका. फुग्याच्या तोंडाला अडीच लिटर पाणी भरलेली कॅन दोरीने बांधा (कॅनचं वजन धरून अडीच किलो) आणि फुगा ती जेमतेम तोलून धरेल तिथे नळी बंद करा. कमी भरला तर रांगत वर जाईल आणि न फुटता भलतीकडे भरकटेल. जास्त भरला तर लवकर फुटेल. सेकंदाला पाच मीटर वेग मिळाला की तीस किलोमीटरला शंभर मिनिटं लागतात. फुग्याला उघडा हात लावू देऊ नका, सुती हातमोजे घाला. अंगठ्या, घड्याळं आधी काढून ठेवा.

व्हीयू_वेडा
सिमकार्डवाला ट्रॅकर?? सर, मोबाइलचे टॉवर जमिनीकडे तोंड करून असतात. फुगा दोन-तीन किलोमीटर वर गेला की रेंज संपली. खाली आल्यावर जिथे पडेल तिथे नेटवर्क असेल तरच लोकेशन मिळणार, आणि सीमाभागात माळावर पडला तर मिळालंच म्हणायचं. वरून थेट माहिती हवी तर रेडिओ पाहिजे. हॅम लायसन्स (हौशी रेडिओचा परवाना) काढा. परीक्षा अवघड नाही, बारा वर्षांच्या पुढची मुलंही देऊ शकतात. माझ्या पुतणीनं

व्हीयू_वेडा
(अर्धवट पोस्ट झालं.) पुतणीनं नववीत असताना दिली, आता रात्री-अपरात्री परदेशातल्या लोकांशी बोलते.

कोरडवाहू
२८ फेब्रुवारीच्या आत हॅम लायसन्स? परीक्षेची तारीख तरी मिळेल का? त्यापेक्षा लोरा मॉड्यूल (कमी विजेत लांबवर संदेश पाठवणारा छोटा रेडिओ) घ्या. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झला आपल्याकडे ठरावीक शक्तीपर्यंत परवाना लागत नाही. वर काही आडवं येत नसल्याने कमी शक्तीतही लांबवर पोचतं.

पण माझा प्रश्न जीपीएसचा आहे. कुठलं मॉड्यूल? स्वस्तातलं निओ-६एम असेल तर ते मूळ सेटिंगमध्ये १२ किलोमीटरच्या वर जागा सांगत नाही. त्याला एअरबोर्न मोडची आज्ञा पाठवावी लागते, मग ५० किलोमीटरपर्यंत चालतं. आणि वीज गेली की ते मोड विसरतं, म्हणून दर वेळी सुरू होताना प्रोग्रॅममधूनच आज्ञा गेली पाहिजे. सेन्सर कुठले तेही सांगा.

विज्ञानवाले_सर
तापमानाला डीएचटी-११ आणि दाबाला बीएमपी-२८०. रोबोटिक्सच्या किटमध्ये आले होते. जीपीएस निओ-६एमच आहे. पण मी हेलियमबद्दल विचारलं होतं.

कोरडवाहू
हेलियम मिळेल हो. पण डीएचटी-११ शून्याच्या खाली मोजतच नाही. डिसेंबरातल्या पहाटेसाठी ठीक, वर नाही. आपल्या अक्षांशाला सोळा-सतरा किलोमीटरवर तापमान उणे ७५ ते उणे ८० असतं. डीएस१८बी२० घेतला तर उणे ५५ पर्यंत साथ देईल. बीएमपी-२८० ची मर्यादा ३०० हेक्टोपास्कल, म्हणजे नऊ किलोमीटरच्या वर आकडा आला तरी त्यावर विश्वास नाही. एमएस-५६११ दहा हेक्टोपास्कलपर्यंत मोजतो, तीस किलोमीटरला तोच लागेल. नाहीतर मुलांच्या आलेखावर नऊ किलोमीटरनंतर सपाट रेघ, आणि पालक विचारणार की फुगा तिथेच थांबला होता का.

पॉवर बँकेचंही बघा. पुष्कळशा पॉवर बँका थोडीच वीज ओढली जातेय असं दिसलं की आपोआप बंद होतात. आर्डुइनोला एवढीशी वीज पुरते, मग सगळा डबा झोपतो. त्याला उणे ४० पर्यंत चालणारे लिथियमचे पेन्सिल सेल लावा.

आजोबा_निवृत्त
फुग्यावरून आठवलं. जयंत नारळीकर सरांच्या पुढाकाराने टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) हैदराबादच्या केंद्रातून २००१ आणि २००५ साली फुगे सोडले होते. ते असले रबरी नव्हेत, प्लॅस्टिकच्या पातळ पटलाचे अवाढव्य फुगे. ४१ किलोमीटरपर्यंतची हवा गोळा केली. त्यात सापडलेल्या जिवाणूंपैकी एकाला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांच्यावरून जॅनिबॅक्टर हॉयली नाव दिलं, दुसऱ्याला आर्यभटावरून. सरांनी मुलांना हे जरूर सांगावं.

आगाऊ_कार्टं
रामेश्वरमला ७ फेब्रुवारी २०२१ ला शाळकरी मुलांचे शंभर छोटे उपग्रह फुग्याने सोडले होते ना? आमच्या शाळेतली पोरं होती त्यात. टीव्हीवर आलं होतं. तसं करा सर.

काटकोन
ते उपग्रह नव्हते. कक्षेत गेलेच नाहीत, फुग्याला टांगून वर गेले आणि खाली आले. प्रमाणपत्रावर काहीही छापतात.

आगाऊ_कार्टं
तुमचं तेवढंही गेलं नाही ना पण?

होटगीकर
सगळे तुटून पडलेत, पण मूळ प्रश्न कुणी विचारलाच नाही. सर, शाळा नेमकी कुठे आहे? आणि परवानगी कुणाकुणाची घेतली?

विज्ञानवाले_सर
शाळा मजरेवाडीच्या बाजूला. पटांगण मोठं आहे. परवानगीचं मुख्याध्यापकांनी पोलीस चौकीत तोंडी सांगून ठेवलंय, ते म्हणाले विज्ञानाचा कार्यक्रम आहे तर काही हरकत नाही.

होटगीकर
अहो मजरेवाडी म्हणजे होटगी रोड विमानतळाच्या कुशीतच! २०२५ पासून गोव्याची आणि मुंबईची विमानं सुरू झालीत. साखर कारखान्याची ९० मीटरची चिमणी २०२३ च्या जूनमध्ये विमानाला अडथळा म्हणून पाडली, आणि तुम्ही दीड किलोचा डबा तीस किलोमीटर वर धाडणार, तेही चौकीतल्या तोंडी होकारावर?

शेंगाचटणी
चिमणी अडथळा नव्हतीच बे. ते राजकारण होतं.

होटगीकर
नव्हती कशी? धावपट्टीच्या

संपादक
चिमणीचा वाद इथे नको. त्यावर तीन धागे आहेत, त्यातले दोन बंद करावे लागले.

गुगलपंडित
परवानगीचा बाऊ करू नका. आंतरराष्ट्रीय नियमांत ४ किलोच्या आतला डबा असेल तर फुगा ‘हलका’ धरतात. दीड किलो म्हणजे काहीच नाही. २०२३ मध्ये अमेरिकेनं लढाऊ विमानानं पाडला तो चिनी फुगा होता, शाळेचा नव्हे.

होटगीकर
हलका हा वर्ग झाला, मोकळीक नव्हे. आपल्याकडे डीजीसीए (नागरी विमान वाहतुकीचं महासंचालनालय) आणि विमानतळ प्राधिकरणाला लेखी अर्ज द्यावा लागतो. वैमानिकांना आधी सूचना जाते, मगच सोडायचं. प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि पोलीस आयुक्तालयाला. ड्रोन-फुग्यांवर मनाई आदेश अधूनमधून निघतात, तेव्हा चौकीतला होकार काही कामाचा नाही. सही करणारे मुख्याध्यापक असले तरी निस्तरायला विज्ञानाचे सर.

सीमेपलीकडे
मी अक्कलकोटचा, नोकरी कलबुर्गीला. फेब्रुवारीत वरचा वारा पश्चिमेकडून असतो, त्यामुळे सोलापुरातून सोडलेला फुगा पूर्वेला जाणार. अक्कलकोट, आळंद, जोर असेल तर कलबुर्गीच्याही पुढे. पावसाळ्यात वरचा वारा उलटा फिरतो, तेव्हा पंढरपूर-सांगोला. सोंडहबच्या संकेतस्थळावर वाऱ्याच्या अंदाजावरून पडण्याची जागा काढता येते, आदल्या आठवड्यापासून रोज बघा.

डब्यावर मजकूर नुसता मराठीत नको. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू. मोठ्या अक्षरात: हा शाळेचा प्रयोग आहे, स्फोटक नाही, उघडू नका, या नंबरवर फोन करा. डिसेंबर २०२२ मध्ये विकाराबाद जिल्ह्यात टीआयएफआरच्या फुग्याचा भलामोठा डबा शेतात उतरला तेव्हा उडती तबकडी म्हणून गाव लोटलं होतं. तुमचा उसात पडला तर तोडणीपर्यंत मिळायचा नाही, म्हणून कर्कश बझर लावा.

विज्ञानवाले_सर
सगळ्यांचं वाचलं. मुख्याध्यापकांशी बोललो. ते म्हणतात तारीख बदलणार नाही, पत्रिका छापल्यात. दोरी बांधून पन्नास मीटरवर ठेवला तर चालेल का?

होटगीकर
मजरेवाडीत नाही. दोरीचा फुगा म्हणजे धावपट्टीजवळ उभा केलेला खांबच.

कोरडवाहू
२८ ला फुगा सोडूच नका. डबाच दाखवा. ड्राय आइस उणे ७८ अंशाचा असतो, जवळजवळ सतरा किलोमीटरवरचंच तापमान. मोठ्या थर्माकोलच्या खोक्यात ड्राय आइस, त्यात मुलांचा डबा, आणि पडद्यावर आतलं तापमान, बॅटरीचं व्होल्टेज, कॅमेऱ्याचं चित्र. दोन तास चालला तर पास. सोडायच्या आधी ही चाचणी तशीही करावीच लागते, ती आमदारांसमोर करा.

सोबत हैदराबाद आणि पुण्याच्या रेडिओसाँडचे (फुग्याला बांधलेल्या हवामानयंत्राचे) आकडे घ्या. हवामान खात्याचे फुगे पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास जातात, आणि आकडे वायोमिंग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. मुलांनी उंची-तापमानाचा आलेख भिंतभर काढावा. २०१८-१९ मध्ये आयआयटीएम या पुण्याच्या हवामान संशोधन संस्थेचा कृत्रिम पावसाचा प्रयोग इथे सोलापुरातच झाला, तेव्हाही वरच्या हवेची मोजमापं झालीत. तेही सांगता येईल.

परवानगी आल्यावर फुगा बार्शीच्या बाजूच्या एखाद्या शाळेतून सोडा. पूर्वेला धाराशिव-लातूर, डबा बहुधा महाराष्ट्रातच राहील.

विज्ञानवाले_सर
हे पटवता येईल असं वाटतं. ड्राय आइस कुठे मिळतो?

नळकांडं
आइस्क्रीमच्या वितरकाकडे किंवा औषधांची शीतवाहतूक करणाऱ्यांकडे आदल्या दिवशी सांगून ठेवा. खोक्याचं झाकण घट्ट लावू नका, आतला वायू कोंडला की फुटतं. खिडक्या उघड्या, हातात जाड कातडी हातमोजे, मुलांना लांब. हेलियमच्या माणसाचा नंबर व्यनि करतो, पण ऑर्डर परवानगीचं पत्र हातात पडल्यावरच द्या. टाकीचं भाडं दिवसावर चढतं.

शेंगाचटणी
ड्राय आइस उरला तर सांगा मालक, वरातीत धूर करायचाय.