हायस्कूलमध्ये विद्यार्थी मार्गदर्शक म्हणून लागले आहे, मुलं बोलायला येत नाहीत. काय करू?

डोंगरपट्टा:
नमस्कार. जूनपासून बीड जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये विद्यार्थी मार्गदर्शक म्हणून काम करते आहे. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालंय. पगार एक स्वयंसेवी संस्था देते, शाळेची मी कर्मचारी नाही. आठवी ते दहावी, प्रत्येकी दोन तुकड्या. बसायला प्रयोगशाळेशेजारची खोली दिली आहे. तिथेच पोषण आहाराच्या तांदळाची पोती असतात.

माझ्याकडे स्वतःहून कुणी येत नाही. येतात ती शिक्षकांनी पाठवलेली. भांडण केलं, दप्तरात मोबाईल सापडला, वही अपुरी राहिली, की भर वर्गात "जा बाईंकडे, त्या समजावतील" म्हणतात. म्हणजे माझ्याकडे येणं हीच शिक्षा झाली. पोर मान खाली घालून उभं राहतं, "पुन्हा नाही करणार बाई" म्हणतं आणि जातं. शाळा सुटताना मुख्याध्यापक विचारतात, "काय म्हणाला?"

त्याहून जास्त काळजी एका मुलीची आहे. नववीत आहे, अभ्यासात बरी, कबड्डीच्या संघात आहे. पंधरा दिवसांपासून एक दिवस येते, दोन दिवस नाही. आईवडील ऊसतोडीला जातात, मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेऊन झाली आहे. मैत्रीण म्हणाली, "तिच्याकडं पाहुणे येऊन गेले." मी विचारलं तर "काही नाही बाई" एवढंच. घरी जाऊ का? आधी मुख्याध्यापकांना सांगू? आणि तिनं विश्वासानं काही सांगितलं, तर ते कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही?

शेवटचा_बाक:
ताई, सोलापूर जिल्ह्यातल्या हायस्कूलमध्ये हेच काम बरीच वर्षं करते आहे. आधी त्या मुलीचं बोलू, कारण तिथे हातात दिवस कमी आहेत.

पाहुणे येऊन गेले आणि कारखान्यांची बॉयलर पेटायची वेळ झाली, या दोन गोष्टी एकत्रच बघा. ऊसतोडीत उचल मिळते ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. लग्न लागलं की नवा कोयता तयार होतो. दुसरी बाजू आईबापांच्या भीतीची आहे. वयात आलेली पोर म्हाताऱ्या आजीपाशी पाच-सहा महिने ठेवायची कशी? फडावर न्यावी तर तिथल्या खोपीला दार नाही. म्हणून उजवून मोकळे होतात. त्या बापाशी बोलायला जाल तेव्हा ही भीती खरी आहे हे मनात धरून जा. दरडावून बोललात तर दुसऱ्या दिवशी पोरगी मामाच्या गावाला गेलेली असेल.

एकट्या जाऊ नका. अंगणवाडी सेविकेला सोबत घ्या, तिला घर आतून ठाऊक असतं. गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, आणि सेविका त्यांना मदतनीस असते. पहिल्या भेटीत लग्नाचा विषय काढू नका. हजेरी कमी पडतेय, तुम्ही गेल्यावर ही कुठे राहणार, इथून सुरुवात करा. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं आहेत. तुमच्या तालुक्यातल्या मुलींच्या वसतिगृहात जागा आहे का, हे विचारूनच उंबरा चढा. राहायची सोय समोर ठेवली की बापाचं अर्धं म्हणणं तिथेच संपतं.

तारीख धरली आहे असं कळलं तर मात्र थांबू नका. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा, तो चोवीस तास लागतो. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानं मुलीचं वय अठरा पूर्ण लागतं, आणि लग्न लावणाऱ्याला आणि जमवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. लग्न लागायच्या आधी कोर्टाकडून मनाईहुकूमही आणता येतो. मुख्याध्यापकांना सांगा, पण ते काय म्हणतात याची वाट बघत बसू नका.

आता विश्वासाचं. मूल बोलायला लागायच्या आधी त्याला मर्यादा सांगायची, नंतर नाही. मी जूनमध्येच प्रत्येक वर्गात जाऊन सगळ्यांना एकदम सांगते: "तुम्ही सांगाल ते मी शिक्षक खोलीत बोलणार नाही. पण तुमच्या जिवाला धोका असेल, कुणी अंगाशी वाईट वागत असेल, लग्न ठरवत असेल, तर मला मोठ्यांची मदत घ्यावी लागेल. घेण्याआधी तुम्हाला सांगेन." हे ऐकून काही मुलं गप्प होतात. होऊ द्या. त्यातलीच काही आठवड्या-दोन आठवड्यांनी येतात, आणि तेव्हा ठरवून आलेली असतात.

लैंगिक अत्याचाराचं काही कानावर आलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्याचं कलम १९ लागू होतं. ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवायचंच आहे, न कळवणं हाच गुन्हा. "शाळेची बदनामी होईल" हे कारण तिथे चालत नाही. मुलाला खोदून खोदून विचारू नका, चार जणांसमोर तेच परत सांगायला लावू नका. जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. आणि कुणी जीव नकोसा झालाय म्हणालं तर ते वयाचं खूळ समजू नका. त्याला एकटं सोडायचं नाही, विश्वासातल्या पालकाला त्याच दिवशी बोलवायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावा, तिथे मराठीतून बोलता येतं.

राहिला प्रश्न मुलं येत नाहीत याचा. खोलीतून बाहेर पडा. मी मधल्या सुट्टीत नळापाशी असते, शाळा सुटल्यावर एसटीच्या थांब्यावर. आणि मुलांचं अडलेलं काहीतरी काम हातात घ्या. मी पासचे अर्ज घेतले. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे, मुलांना सवलतीचा काढावा लागतो, आणि दोघांच्याही अर्जावर शाळेची सही-शिक्का लागतो. अर्ज भरता भरता गाव किती लांब, घरी कोण असतं, फोन कुणाचा, सगळं न विचारता कळतं.

एक मुलगा पहिल्या तासाला रोज झोपायचा, सरांचा मारही खायचा. पासचा अर्ज भरताना पालकाच्या सहीपाशी आला आणि म्हणाला, "आईचा अंगठा चालतो का?" वडील वारलेले. पहाटे उठून तो चार घरच्या म्हशींच्या धारा काढायचा, दूध डेअरीवर घालायचा आणि मग सायकलनं शाळेत यायचा. आईला बालसंगोपन योजना माहीतच नव्हती. एक पालक गेलेल्या मुलाला त्यात महिना २२५० रुपये मिळतात, अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात द्यायचा असतो. मंजुरीला पुष्कळ महिने लागले. तोवर तो झोपतच होता, पण मारायचं थांबलं, आणि इतर मुलं माझ्याकडे यायला लागली ती त्याचं बघून.

शनिवारी शाळा लवकर सुटली की नववीचे हजेरीपट घेऊन बसा. शिक्षणहक्क कायद्याचं संरक्षण आठवीपर्यंत. नववीत पोर नापास झालं की "बस झालं शिक्षण" म्हणायला घरचे मोकळे होतात. तुमच्यासमोर उभं राहणारं भांडखोर पोर निदान शाळेत तरी आहे. जे बाकावर दिसतच नाही, तिकडे आधी जा.

नववी_ब:
मी वर्गशिक्षक आहे, म्हणून आमच्या बाजूनं थोडं. पासष्टची तुकडी, पोर्टलवरच्या नोंदी, त्यात मतदार यादीचं काम. मूल त्रास द्यायला लागलं की पाठवायला कुठलीतरी जागा हवी असते, म्हणून पाठवतो. आमच्या ताईंनी एक केलं. शिक्षक खोलीत येऊन सांगितलं की कुणालाही वर्गासमोर माझ्याकडे पाठवू नका, मला नुसतं नाव सांगा, मी माझ्या सोयीनं गाठते. तेव्हापासून बराच फरक पडला.

पण वर्गशिक्षकाला वगळून घरी जाऊ नका. मी त्या पोरांच्या बापांनाही शिकवलंय. माझ्यासमोर बाप खोटं बोलायला बिचकतो.

शेवटचा_बाक:
सर, त्या मुलीच्या घरी वर्गशिक्षक सोबत असले तर चांगलंच. पण दर वेळी नाही. कधी कधी मुलाची तक्रार वर्गशिक्षकाबद्दलच असते, छडीबद्दल असते, आणि ती आमच्याजवळ तरी निघायला हवी. मुख्याध्यापकांचं "काय म्हणाला?" आलं की मी काय करायचं तेवढंच सांगते: "त्याला फळा दिसत नाही, पुढे बसवा", "फीसाठी सध्या तगादा लावू नका". घरात काय चाललंय ते सांगत नाही. दोन-तीनदा असं झालं की तेही तसंच विचारायला लागतात.

डोंगरपट्टा:
मनापासून आभार. काल सेविकाताई आणि वर्गशिक्षक सर, तिघं जाऊन आलो. तारीख धरलेली नाही, पण बोलणी झाली आहेत. वडील बराच वेळ गप्प होते. वसतिगृहाचं सांगितल्यावर आईनं विचारलं, "तिथं रात्रीची बाई असते का?" मी म्हटलं, परवा तुम्हाला नेऊन दाखवते. ती यायला तयार झाली. पोरगी दारामागे उभी होती, आज शाळेत आली. "पुढच्या वर्षी बघू" असं वडील म्हणाले, त्यावर मी अजून विसंबलेले नाही. गाडी भरून ऊसतोडीला निघायला आठवडाच आहे. वसतिगृहाच्या अर्जाला काय काय जोडायचं?

शेवटचा_बाक:
बोनाफाईड, मागच्या वर्षीची गुणपत्रिका, आधार, आणि आईवडील ऊसतोड कामगार असल्याचं ग्रामसेवकाकडचं ओळखपत्र. आधी ते ओळखपत्र काढा, बाकीचं शाळेतून एका दिवसात होतं. नेमकी यादी वसतिगृहाच्या गृहपालांकडून उद्याच घ्या, तुम्ही आईला घेऊन जाणारच आहात. आणि पालकांच्या सह्या गाडी भरायच्या आत करून घ्या, ती माणसं एकदा कारखान्याकडे गेली की एका सहीसाठी महिना जातो. तिच्याजवळ तुमचा नंबर आहे ना? नसेल तर द्या, आणि तिच्या कबड्डीच्या मैत्रिणीजवळही देऊन ठेवा.