बिहागडा शोधला की मारू बिहाग येतो: शास्त्रीय, नाट्यसंगीत, मांडो ऐकणाऱ्यांनी करायचं काय?

खर्ज (म्हार्दोळ)

मंडळी, पैसे भरून घेतलेली एक स्ट्रीमिंग सेवा आहे, पण जयपूर-अत्रौली घराण्याचं गाणं ऐकणाऱ्याचा तिथे पदोपदी खोळंबा होतो. नेमकं कुठे अडतं ते लिहितो.

शोधात बिहागडा हा राग टाकला की आधी मारू बिहाग, मग बिहाग, मग झोप लागण्यासाठीची बासरी. 'कट्यार काळजात घुसली' टाकलं की २०१५ चा चित्रपट येतो. १९६७ च्या मूळ नाटकातली वसंतराव देशपांड्यांची पदं शोधताना बोट झिजतं. विलंबित संपून द्रुत लागताना मधे खटका बसतो, कधी तर समेच्या (तालाच्या पहिल्या मात्रेच्या) आधीच आवाज विरतो. तबल्याला कोण, पेटीला कोण, पत्ता नाही. राग संपला की आपोआप पुढचं काहीतरी सुरू होतं. रात्री अकराला सकाळचा राग तोडी लावायलाही त्याला काही वाटत नाही. मांडो (गोव्याची कोंकणी गाणी) सगळे 'विविध कलाकार' या एकाच गोणीत. आणि जतन केलेल्या यादीतली काही रेकॉर्डिंग करडी पडलीत, दाबली तरी वाजत नाहीत.

विचारायचं एवढंच: यातलं सेटिंग बदलून किती सुधारतं? आणि जे सुधारत नाही त्यासाठी घरचा संग्रह लावायचा तर टॅग (फाइलीत भरायची गाण्याची माहिती) कसे भरावेत? शंभरेक सीडी, थोड्या कॅसेटी, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरून उतरवलेल्या काही फाइली, जुना विंडोज लॅपटॉप, अँड्रॉइड फोन. संगणकाचं जुजबी कळतं.

शामेळ

आधी फुकटात होणारं उरकून घ्या. प्लेबॅकच्या सेटिंगमध्ये क्रॉसफेड (एक गाणं विरताना दुसरं सुरू होणं) शून्यावर, ऑटोमिक्स (गाणी आपोआप एकमेकांत मिसळणं) बंद, ऑटोप्ले बंद, गॅपलेस (दोन ट्रॅकमध्ये खंड न पडणं) चालू. ऑटोप्ले बंद झाला की रात्रीची तोडी थांबली.

आवाज एकसारखा करणारं नॉर्मलायझेशनही बंदच ठेवा. स्पॉटिफायचं नेहमीचं लक्ष्य उणे १४ एलयूएफएस (आवाजाच्या जोराचं माप). ते पॉप गाण्याला ठीक. आपल्याकडे नुसत्या तंबोऱ्यावरचा आलाप मुळातच हळू आणि द्रुत तराणा जोरात. दोन्ही एका पातळीवर आणले की गायकाने चढवत नेलेलं सगळं सपाट होतं. अल्बम सलग लावला तर तिथे पूर्ण अल्बमला एकच माप लागतं, त्यामुळे फरक टिकतो. स्वतःच्या यादीतून लावला की ट्रॅकगणिक माप लागतं. बंद करायचं नसेल तर निदान 'लाउड' निवडू नका, त्यात लिमिटर (आवाजाची उंच टोकं दाबणारा) बसतो आणि तबल्याची थाप दबते.

खटक्याचे प्रकार दोन. एक प्लेअरचा किंवा फाइलचा: एमपीथ्री करताना सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता आपोआप चिकटते, ती प्लेअरने कापली नाही तर खटका ऐकू येतो. हा वरच्या सेटिंगने जातो. दुसरा मूळ प्रतीतला. एलपीच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटं मावायची, म्हणून मोठा राग मधेच विरवून दुसऱ्या बाजूला पुन्हा उचलायचे. पुढे डिजिटल प्रत त्याच मास्टरवरून निघाली, तर तो विरलेला आवाज फाइलमध्येच आहे. समेच्या आधी विरतो म्हणता, तो बहुधा हाच. त्याला इलाज नाही.

करडी पडलेली रेकॉर्डिंग: हक्काचा करार संपला, किंवा कंपनीने तोच अल्बम नव्या क्रमांकाने पुन्हा चढवला. दुसऱ्या शक्यतेत तेच गाणं वेगळ्या मुखपृष्ठाखाली असतं. बंदिशीचे बोल टाकून आणि मिनिट-सेकंद जुळवून पाहा. एक जाता जाता: उतरवून ठेवलेली गाणी स्पॉटिफायवर ३० दिवसांतून एकदा तरी नेटला जोडावी लागतात, नाहीतर बंद पडतात. सत्तरी-सांग्याच्या आत, जिथे रेंजची बोंब, तिथे जाण्याआधी एकदा ॲप उघडून ठेवा.

आडचौताल

शामेळबाबांनी सांगितलं ते सगळं करा, पण मूळ दुखणं सेटिंगचं नव्हेच. या सेवांचा पाया तीन खणांचा: गाणं, कलाकार, अल्बम. आपल्याला लागतात राग, ताल, लय, बंदिश, घराणं, साथीदार, मैफल की स्टुडिओ. यातलं बरंचसं कंपनीकडून वितरकाकडे जाणाऱ्या तक्त्यातच भरलेलं नसतं. साथीदारांसाठी रकाना बहुतेक ठिकाणी असतो. भरणारा रिकामा सोडतो, कारण तो न भरल्याने अल्बम अडत नाही.

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या श्रोत्यांनीही हीच ओरड केली आणि त्यांचं थोडं ऐकलं गेलं. ॲपलने २०२१ मध्ये प्राइमफोनिक ही अभिजात संगीताची सेवा विकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये वेगळं क्लासिकल ॲप काढलं. त्यात संगीतकार, कृती, कृतीचे भाग, वाद्यवृंदाचा संचालक असा शोध चालतो. आपल्याला त्याचा उपयोग बेताचाच. राग ही कोणाची 'कृती' नाही आणि निम्म्या बंदिशींचा कर्ता माहीत नाही. ते खण आपल्या गाण्याला लागूच पडत नाहीत.

पैशाचं गणितही उलटं आहे. ३० सेकंद वाजलं की एक ऐकणं मोजलं जातं. तासाभराचा ख्याल एकदा, तेवढ्याच वेळात तीन मिनिटांची गाणी वीसदा. म्हणजे ख्यालाचे चार तुकडे करून चढवणाऱ्याचा फायदाच. त्यातून स्पॉटिफायवर २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १,००० ऐकणी न झालेल्या ट्रॅकला रेकॉर्डिंगचं मानधन मिळत नाही. अनवट रागाची फाइल नीटनेटकी ठेवायला कोणाला घाई असणार?

आता शोधायची युक्ती. रागाच्या नावाने शोधूच नका, निदान पहिल्यांदा तरी नाही. बिहागडा रोमनमध्ये लिहिताना कोणी 'डी' घालतो, कोणी 'आर', मधला 'ए' असतो किंवा नसतो. कौशी कानडा, जैत कल्याण यांची तीच गत. देवनागरीत शोधाल तर मराठी 'ड' आणि हिंदीतला नुक्त्याचा 'ड़' ही यंत्राच्या लेखी वेगळी अक्षरं आहेत. एकाने शोधलं तर दुसरं सापडेलच असं नाही. त्यापेक्षा बंदिशीचे पहिले दोन-तीन शब्द आणि गायकाचं आडनाव. केसरबाई केरकरांची भैरवी, १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरून अंतराळात गेलेली, 'जात कहाँ हो' असं शोधलं तर पटकन मिळते. 'भैरवी' शोधलं तर दिवसभर बसा. नाट्यपदालाही हेच: नाटकाचं नाव सोडा, 'घेई छंद' आणि 'वसंतराव' लिहा. तरी रांगेत चित्रपटातलं नवं ध्वनिमुद्रण येईल, पण निवडता येईल. याच नाटकाचे संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवा यांच्या नावाने शोधलं तर मात्र त्यांनी गायलेलंच समोर येतं. त्यांनी चाल दिलेलं बहुतेक हाती लागत नाही, कारण संगीतकाराचा रकाना शोधात बहुधा धरला जात नाही.

संपूर्ण मालकंस

घरच्या संग्रहाचं सांगतो.

सीडी उतरवायला विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, सिक्युअर मोड, फॉरमॅट फ्लॅक (दर्जा न घटवता आकार लहान करणारा). ॲक्युरेटरिप नावाची पडताळणी त्यात असते, पण आपल्या छोट्या कंपन्यांच्या सीडी तिच्या यादीत पुष्कळदा नसतात. तेव्हा 'टेस्ट अँड कॉपी' वापरा: ट्रॅक दोनदा वाचला जातो आणि दोन्ही वेळचे पडताळणीचे आकडे जुळले तर प्रत विश्वासाची. न जुळल्यास सीडी मऊ कापडाने मधून बाहेरच्या दिशेने सरळ पुसा, गोल नाही. नेटवरून येणारी ट्रॅकची नावं आंधळेपणाने घेऊ नका. वेष्टनावरची माहिती समोर ठेवून भरा.

टॅगसाठी एमपीथ्रीटॅग हा प्रोग्राम. नाव काहीही असो, फ्लॅक चालतं. माझी शिफारस अशी. टायटलमध्ये बंदिशीचे बोल आणि पुढे लय. आर्टिस्टमध्ये मुख्य गायक एकटाच; जुगलबंदी असेल तरच दोघे. अल्बम आर्टिस्ट कधीही रिकामा ठेवू नका, तो रिकामा राहिला की प्लेअर 'विविध कलाकार' करून मोकळा होतो. कंपोझरमध्ये नाट्यपदाचा संगीतकार, बंदिशकार ठाऊक असेल तर तो. साथीदार 'परफॉर्मर' या टॅगमध्ये, प्रत्येकाची वेगळी नोंद, नावापुढे कंसात वाद्य. वर्षात घोळ होतो: ७८ ची तबकडी सीडीवर नंतर आली तर सीडीचं वर्ष पडतं. मूळ वर्षासाठी 'ओरिजिनल डेट' वेगळा भरा.

राग आणि ताल यांसाठी स्वतःचे टॅग करता येतात, एक्स्टेंडेड टॅग्जच्या खिडकीत. विंडोजवरचा फूबार२००० हा प्लेअर ते दाखवतो आणि त्यावर गटही पाडतो. फोनवरची बहुतेक ॲप दाखवत नाहीत. म्हणून राग 'जॉन्र'मध्येही (संगीतप्रकाराच्या रकान्यातही) घाला. 'शास्त्रीय' हा जॉन्र सगळ्यांना सारखाच असल्याने तसाही कुचकामी. एका फाइलला अनेक जॉन्र देता येतात: बिहागडा, ख्याल, रात्र. एमपीथ्रीटॅगमध्ये मधे दोन उलट्या तिरक्या रेघा द्यायच्या. स्वल्पविराम दिला तर तिन्ही मिळून एकच विचित्र जॉन्र तयार होतो. आता जॉन्रची यादी उघडली की ती रागांची यादी, आणि 'रात्र' दाबलं की तोडी येणार नाही.

शब्दलेखन एकदाच ठरवा आणि एका साध्या फाइलीत लिहून ठेवा, नाहीतर घरातही ललितागौरी आणि ललिता गौरी असे दोन राग नांदू लागतील. फाइलची नावं रोमनमध्ये, टॅग देवनागरीत. कितीतरी गाड्यांतले प्लेअर देवनागरी नावांच्या जागी चौकोन दाखवतात.

जागेचं: तासाभराची सीडी फ्लॅकमध्ये ३०० ते ३५० एमबी, म्हणजे शंभर सीडी साधारण ३५ जीबी. फोनसाठी त्यांचीच ओपस १२८ ची (१२८ केबीपीएसच्या छोट्या फाइलींची) प्रत काढली तर सगळं ६ जीबीत. खालच्या दर्जाचा एमपीथ्री मात्र नको, तंबोऱ्याची जवारी (तारांचा झणकार) पहिली जाते.

मग लॅपटॉपवर नॅव्हिड्रोम हा घरगुती संगीत सर्व्हर बसवा, घरच्या वायफायवर फोनमध्ये संग्रह दिसतो. लॅपटॉपची बॅटरी धड असेल तर पावसात वीज गेली तरी डेटाबेस बिघडत नाही. त्याऐवजी रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक घेतलात तर छोटा यूपीएस हवाच, नाहीतर त्याचं मेमरी कार्ड खराब.

लयकारी

सर्व्हरच्या भानगडीत पडूच नका असं माझं मत. ६ जीबीसाठी सर्व्हर? फोनमध्ये कार्ड टाका, फोल्डर चिकटवा, विषय संपला. फ्लॅकच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर, एक दुसऱ्या घरी.

७८ आणि कॅसेटींबद्दल दोन शब्द. सगळ्याच '७८' तबकड्या ७८ फेऱ्यांनी कोरलेल्या नसत. ८० ने कोरलेली ७८ ने वाजवली तर गाणं अडीच टक्के हळू होतं आणि पट्टी ४४ सेंटने, म्हणजे अर्ध्या सुराच्या निम्म्याला जरा कमी, उतरते. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये वेग आणि पट्टी एकत्र बदलणारा पर्याय आहे, तोच वापरा. फक्त पट्टी बदलणारा नव्हे. पण तंबोरा गायकाच्या सुराला लावलेला, त्याला बाहेरचा आधार नाही. त्याच गायकाच्या त्याच काळातल्या इतर तबकड्यांशी ताडून पाहिल्याशिवाय हात लावू नका, आणि मूळ फाइल तशीच राखा.

स्टिरिओत उतरवलेली ७८ मोनो करा, खरखर तेवढ्यानेच घटते. नॉइज रिडक्शन मात्र जपून. त्याला सतत चालणारा आवाज म्हणजे गोंगाट वाटतो, आणि तंबोरा सतत चालतो. ६ डीबीच्या वर गेलात की तंबोरा पाण्याखाली गेल्यासारखा होतो. आधी क्लिक रिमूव्हल, मग जमलं तर थोडं हे.

कॅसेटीवर पांढरी बुरशी दिसली तर ती मशीनमध्ये घालू नका. हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटीला चिकटते. आपल्या हवेत सिलिका जेलच्या पुड्या घातलेला बंद डबा लागतोच.

दुलपद (कुडतरी)

मांडोचं कोणीच बोललं नाही. शोधताना पोर्तुगीज वळणाची रोमी कोंकणी लक्षात घ्या: 'श' साठी 'एक्स', 'क' साठी कधी 'सी' कधी 'के'. 'आदेउस कोरचो वेळ पावलो' याच्या मधल्या शब्दांची तीन-चार तरी रूपं सापडतील, म्हणून पहिला शब्द आणि वृंदाचं नाव. घरच्या टॅगमध्ये अल्बम आर्टिस्ट म्हणजे वृंद. रचनाकार माहीत असेल तर कंपोझर. मांडोला लागून दुलपद (त्यामागून येणारं जलद गाणं) एकाच ट्रॅकमध्ये असेल तर तोडू नका, टायटलमध्ये दोन्ही लिहा. मांडो संथ सहा-चारात (६/४) आणि दुलपद सहा-आठात (६/८); लय पालटते तिथे कापायचा मोह होतो, पण गाणारे न थांबता जातात.

घुमट वाद्यावरच्या आरत्या स्ट्रीमिंग सेवेवर शोधण्यात वेळ घालवू नका. आहेत त्या बहुतेक मंडळांच्या व्हिडिओंत.

खर्ज (म्हार्दोळ)

देव बरें करूं सगळ्यांना. जॉन्रची युक्ती चालली, रागवार यादी फोनवर आली. एक उरलं: ७८ च्या स्वच्छ केलेल्या फाइली ओळखीच्यांना पाठवल्या तर चालतील का?

आडचौताल

भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं. १९६५ मध्ये प्रकाशित झालेलं १ जानेवारी २०२६ ला मोकळं झालं. पण पदाचे शब्द आणि चाल यांचा हिशोब वेगळा, कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. अभिषेकीबुवा १९९८ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चाली २०५८ अखेरपर्यंत हक्कात. जुन्या ख्यालाच्या तबकडीला, बंदिश पारंपरिक असेल तर, हा दुसरा अडसर येत नाही. प्रकाशनाचं वर्ष मात्र लेबलवरून किंवा कंपनीच्या जुन्या यादीवरून पक्कं करा, सीडीच्या वेष्टनावरून नको.