‘विलंब’ ठीक, पण त्याच्या उलट काय?

ऋणचिन्ह: एका गणिती लेखाचा अनुवाद करतोय. राशीचा आत्ताचा बदलदर तिच्या १ एकक आधीच्या आणि १ एकक नंतरच्या किमतीवर अवलंबून आहे. आधीच्याला ‘विलंब’ म्हटलं. नंतरच्याला ‘आगाऊ’ लिहिलं, तर संपादक म्हणतात, कार्टं आगाऊ असतं, समीकरण नव्हे. दुसरं काही सुचतंय?

अनुस्वार: संपादकांनी आगाऊ आरक्षण कधी केलं नाही वाटतं! शब्द चोख आहे. मूळ ‘अग्र’च असणार. पुढे पुढे करतो तो आगाऊ.

मोडीवाचक: ‘अग्रिम’ घ्या. शास्त्राला भारदस्तपणा हवा.

अनुस्वार: हिंदीतून उचलून?

मोडीवाचक: सरकारी मराठीत ‘अग्रिम’ म्हणजे उचलच, त्यामुळे आरोप मान्य.

तर्कट: अहो, दोन्हींत वेळेआधी काही मिळाल्याचा वास येतो. जालिकेवरून, म्हणजे सारख्या अंतरावरच्या बिंदूंवरून, सरकणाऱ्या लाटेचं समीकरण मांडलं, की एका बाजूचा शेजारी ‘आधी’ होतो, दुसऱ्या बाजूचा ‘नंतर’. भविष्य कुणी जाणत नाही. ‘पूर्वोत्तर समीकरण’ म्हणा.

मोडीवाचक: वाचक होकायंत्र काढतील.

ऋणचिन्ह: बरं, बायफर्केशनला, म्हणजे समीकरणातला एखादा आकडा हळूहळू बदलताना उकलींचं चित्रच एकदम बदलतं त्याला, ‘द्विशाखन’ तरी चालेल?

तर्कट: मला नाही पटत. गणिती प्वाँकारेने १८८५ मध्ये शब्द वापरला तो लॅटिन ‘फुर्का’वरून, म्हणजे दुदाती काटा. पण त्रिशूळ प्रकारात फांद्या ३ होतात आणि हॉप्फ प्रकारात स्थिर बिंदूतून आवर्ती उकलींचं अख्खं कुटुंब निघतं. मी ‘फाटा फुटणे’ म्हणतो.

अनुस्वार: आणि ‘फाटा देणे’ म्हणजे टाळणे. उकलींना फाटा दिला असं वाचलं जाईल, बघा.

तर्कट: देणं वेगळं, फुटणं वेगळं! शिवाय सममित उकलींपुरता मूळ प्रश्नच विरघळतो. २ एककांनी उकल फक्त चिन्ह बदलते असं धरा, आवर्तकाल ४. मग नंतरची किंमत म्हणजे आधीचीच, उलट चिन्हाची. उरतो नुसता विलंब. कॅप्लन आणि यॉर्क या गणितज्ञांनी १९७४ मध्ये विलंब-समीकरणांसाठी हीच सममिती वापरली. बदलदर ‘नंतरची उणे आधीची’ याच्या पटीत असेल, तर पट पाय भागिले ४ असताना साइन लाट नेमकी बसते. करून बघा.

ऋणचिन्ह: बसते. पण शीर्षकात दोन्ही शब्द आहेत हो.

मोडीवाचक: ते राहू द्या, ‘उकल’ कशाला? ‘निर्वाह’ जुना शब्द आहे.

अनुस्वार: निर्वाह पगारावर होतो. आणि कोडं उकलतं, समीकरण सुटतं. मग ‘आवर्ती सुटका’ म्हणायचं का?