मदत हवी आहे: एंगाडिनमध्ये ग्रॅव्हल सायकल, मालोया ते श्कुओल

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि पुण्याहून येणारा माझा मावसभाऊ, असे दोघं स्वित्झर्लंडच्या एंगाडिन खोऱ्यात ग्रॅव्हल सायकली (कच्च्या वाटांवरही चालणाऱ्या) घेऊन जातोय. मालोयाला (१८१५ मीटर) सुरुवात, मग सिल्स, सिल्वाप्लाना, सेंट मॉरिट्झ ही तळी, आणि इन नदीच्या काठाने खाली श्कुओलपर्यंत. दोन मुक्काम करायचे. मालोयाहून निघायचं कारण म्हणजे तिथला वारा: उन्हाळ्यात दुपारी तो खिंडीतून खोऱ्यात खाली वाहतो, म्हणजे पाठीवर मिळेल. उलट्या दिशेने गेलो तर संपलोच!

माझे टायर ४० मिमीचे. भाऊ ३५ वर येणार म्हणतो, ऐकत नाही. गेल्या पावसाळ्यात मुळशीच्या कच्च्या रस्त्यावर तासाभरात दोन पंक्चर काढली, तरी.

आता अडलंय ते असं. सिल्स तळ्याच्या इसोलाकडच्या काठाने सायकल नेता येते का, की पायी फिरणाऱ्यांच्या गर्दीत उतरून ढकलावी लागते? त्सेर्नेझच्या पुढे चढ किती वाईट आहेत? नकाशावर नदी उतरते, पण वाट मात्र सारखी वरखाली करताना दिसते. आणि पोंत्रेसिनाहून रोझेग खोऱ्यात जाऊन यायला अर्धा दिवस पुरेल ना? त्या वाटेवर घोडागाड्याही असतात म्हणे.

परतीला रेल्वेत सायकल चढवणार आहोत. तिकडे जाऊन आलेल्यांनी सांगा, भावाला टायर बदलायला लावू का?