मदत हवी आहे: शाकाहारी आहारात मेंदूसाठी डीएचए (ओमेगा-३ प्रकारचं एक स्निग्धाम्ल) कुठून आणायचं?

परीक्षेच्या ताणातून जाणाऱ्या शाकाहारी विद्यार्थ्यांसाठी आहार आखतोय. बाकी गणित जमलंय, ओमेगा-३ पाशी गाडी अडते.

रोज एक मोठा चमचा (साधारण ७ ग्रॅम) जवसाची पूड धरली की एएलए (वनस्पतींतून मिळणारं ओमेगा-३) सुमारे १.६ ग्रॅम मिळतं, म्हणजे दिवसाची गरज भागते. जवस दळूनच घ्यायचं. अख्खे दाणे बरेचदा न पचता तसेच बाहेर पडतात. पण दळल्यावर त्यातलं तेल हवा लागून खवट होतं, म्हणून थोडंच दळून बंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवायला सांगतो. खरी अडचण पुढे आहे. मेंदूच्या पेशींना लागतं ते डीएचए, आणि एएलएचं डीएचएमध्ये रूपांतर शरीरात फारच कमी होतं. जवस वाढवून हा प्रश्न सुटत नाही. अक्रोडाचंही तेच.

मग शैवालतेलाच्या कॅप्सूल उरतात. त्या कुणी नियमित दिल्या आहेत का? लेबलवर 'तेल ५०० मिग्रॅ' असतं, त्यात डीएचए नेमकं किती हे बारीक अक्षरात शोधावं लागतं (इथेच बहुतेक जण फसतात). रोज २५० मिग्रॅ डीएचए धरणं योग्य वाटतं का? जेवणासोबत घेऊनही तेलकट ढेकर येत असतील तर काय करता? रक्त पातळ करणारी औषधं चालू असणाऱ्यांना मी आधी डॉक्टरांकडेच पाठवतो.

बी१२ वेगळं पाहतोय, त्याबद्दल इथे विचारत नाही.