मदत हवी आहे: कार्डाचं सेटलमेंट घेऊ की पूर्ण फेडू? बँकेची परीक्षाही द्यायची आहे (नागपूर)

नमस्कार. वय 26, बी.कॉम., राहणार वर्धमाननगर. लिहू की नको यात पंधरा दिवस गेले. बँकेच्या माणसाला सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे आणि घरात यातलं कळणारं कोणी नाही, म्हणून शेवटी इथे विचारते आहे.

तीन वर्षं पुण्यात एका कोचिंग कंपनीत काउन्सेलर होते. पगार 32,000. गेल्या वर्षी कंपनीने आधी पगार लांबवला, मग दोन महिन्यांचा दिलाच नाही आणि आमची शाखा बंद केली. महिनाभरात दुसरी नोकरी लागेल या भरवशावर मी खोलीचं भाडं क्रेडिट कार्डावरून भरत राहिले, असे पाच महिने. पहिल्याच महिन्यात सामान बांधून घरी यायला हवं होतं. पण ‘पोरगी परत आली’ हे ऐकायची हिंमत नव्हती. मग कार्डाचं बिल भरायला एका अ‍ॅपवरून कर्ज काढलं, आणि तिथून गाडी घसरली.

आज देणं असं आहे. पहिल्या कार्डावर 1,12,000. दुसऱ्यावर 64,000, ते पाच महिन्यांपासून थकलेलं आहे. अ‍ॅपचं 48,000. मैत्रिणीचे हातउसने 20,000. ती मागत नाही, म्हणून ते जास्त टोचतात. एकूण 2,44,000.

सध्या हिंगणा एमआयडीसीत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहे. बिल्ट्या, ई-वे बिलं, टॅलीत नोंदी. हातात 17,500 येतात. घरी 4,000 देते, भावाची आयटीआयची फी, मेट्रो आणि फोन धरून आणखी 4,000. म्हणजे फार ओढाताण केली तर साडेनऊ हजार उरतात.

पहिल्या कार्डाचं गणित मी मागच्या रविवारी पहिल्यांदा कागदावर मांडलं. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे 3,920. त्यावर 18 टक्के जीएसटी, 705. मी मिनिमम ड्यू म्हणून 5,600 भरते, त्यातले 4,600 हे असेच जातात आणि मुद्दल जेमतेम हजाराने कमी होतं. चार महिने मी समजत होते की कर्ज फिटतंय.

दुसऱ्या कार्डवाल्यांचा फोन आला की एकरकमी 28,000 भरा, विषय संपवू. 64 चे 28! ऐकल्याबरोबर हो म्हणणार होते. पण मला स्टेट बँक आणि आयबीपीएसची (बाकी सरकारी बँकांची सामायिक भरती) क्लार्कची परीक्षा द्यायची आहे. वयाची अट 28, म्हणजे दोनच वर्षं हातात आहेत. कोणीतरी म्हणालं की असं कमी पैशांत सेटलमेंट केलं तर बँकेत नोकरी मिळत नाही. हे खरं आहे का?

आणखी एक गोष्ट आहे, आणि मला सगळ्यात जास्त त्रास तिचाच होतो. बाबा एसटीतून, गणेशपेठ डेपोतून निवृत्त झाले. पेन्शन तीन हजारांच्याही आत. ग्रॅच्युइटीतले चार लाख त्यांनी माझ्या लग्नासाठी एफडीत ठेवलेत. अ‍ॅपवाल्यांचा फोन एकदा त्यांनीच उचलला आणि त्यांना सगळं कळलं. काही बोलले नाहीत. रात्री जेवण झाल्यावर त्यांनी दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली एफडीची पावती काढली, घडी उलगडून माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाले, “उद्या मोडून येऊ.” नॉमिनीच्या रकान्यात माझंच नाव आहे. मी पावती परत पिशवीत घातली, पण तेव्हापासून ते रोज विचारतात.

तर प्रश्न तीन. सेटलमेंट घेऊ का? बाबांच्या एफडीला हात न लावता काही मार्ग आहे का? आणि नोकरी सोडून सीताबर्डीवर क्लास लावू, की ही नोकरी धरून अभ्यास करू? कृपया ‘धीर धर’ सोडून काहीही सांगा. धीर भरपूर धरून झालाय.

प्रतिसाद 1 (बँकेतून निवृत्त, नागपूर)

बेटा, सोमवारी ‘नाही’ म्हण. 28,000 देऊन खातं बंद झालं की क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे तुझ्या कर्जांच्या आणि कार्डांच्या परतफेडीच्या नोंदीवर, ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो. पूर्ण फेडलेल्याला ‘क्लोज्ड’ म्हणतात. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो शेरा वर्षानुवर्षं दिसत राहतो. स्टेट बँकेच्या भरतीच्या जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असतं की कर्ज किंवा कार्ड थकवलेलं आणि नेमणुकीपर्यंत न फेडलेलं असेल तर उमेदवार अपात्र. पूर्ण फेडून बँकेचं ‘नो ड्यूज’ पत्र हातात असेल तर तुला उभं राहायला जागा आहे. 36,000 वाचवायला गेलीस तर मुद्द्याची नोकरी घालवून बसशील.

एफडी मोडू नकोस. तिच्यावर कर्ज घ्या. बाबांची एफडी त्यांच्याच नावावर राहते, तिचं व्याज चालू राहतं, आणि कर्जाचा दर साधारण एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्क्यांनी जास्त असतो. आठ टक्के धर. आज 1,12,000 वर तू महिन्याला 4,600 व्याज आणि जीएसटीत घालवतेस, इथे तेच साडेसातशेच्या आत बसतं. दोन्ही कार्डं मिळून 1,76,000 उचलले तर तीन वर्षांचा हप्ता साडेपाच हजारांच्या आसपास येतो. उरलेल्या चार हजारांत आधी अ‍ॅप फेड. मैत्रिणीला तारीख सांगून ठेव, ती थांबेल.

दुसऱ्या कार्डाचे पैसे भरण्याआधी लेट फी आणि दंड माफ करण्याचा अर्ज दे. पण माफी देऊनही रिपोर्टला ‘क्लोज्ड’ जाईल, हे बँकेकडून लेखी घे. पैसे फक्त कार्डाच्या खात्यात भर. फोनवरच्या माणसाच्या यूपीआयवर एक रुपयाही टाकू नकोस, मी अशी दोन प्रकरणं डोळ्यांनी पाहिली आहेत.

वसुलीच्या फोनचं सांगतो. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर त्यांना फोन करता येत नाही आणि घरच्यांना धमकावता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. फोनची वेळ आणि नंबर वहीत लिहीत जा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार. फी लागत नाही.

आणि आधी स्वतःचा रिपोर्ट काढ. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हायमार्क या तो ठेवणाऱ्या कंपन्या, चौघींनीही वर्षातून एकदा फुकट द्यायचा असतो. स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही.

प्रतिसाद 2

ताई, काकांचं सगळं पटलं, एक सोडून. वडिलांच्या एफडीवर कर्ज म्हणजे हप्ता चुकला तर बँक ती एफडीच वळती करून घेणार. मी घरातले पैसे घेतले होते आणि घरातले म्हणूनच सैल पडले. वडील काही बोलत नाहीत, त्यामुळे आपणच एक हप्ता पुढे ढकलतो, मग दुसरा. घेणार असाल तर हप्त्याची तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवसाची ठेवा आणि दोन हप्त्यांएवढी रक्कम आधी बाजूला काढा, मग सही करा.

नोकरी मुळीच सोडू नका. मी लकडगंजात एका दुकानात हिशेब लिहीत अभ्यास केला, तिसऱ्या वेळी लागले. क्लार्कची प्रिलिम्स (पूर्वपरीक्षा) म्हणजे एक तासात 100 प्रश्न: इंग्रजी 30, गणित 35, रीझनिंग 35. अभ्यास लागतो तो रोजच्या हाताच्या सवयीचा. क्लासची फी भरायची तर तेच पैसे अ‍ॅपला द्या. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. आणि दहावी-बारावीला मराठी होतं ना? गुणपत्रिका जपून ठेवा, स्थानिक भाषेच्या चाचणीतून सूट मिळते.

धागाकर्ती

काका, ताई, मनापासून आभार. सोमवारी त्या माणसाला नाही म्हटलं. तो म्हणाला ऑफर परत येणार नाही. हात थरथरत होता, पण नाही म्हटलं.

बाबांना कर्जाचं समजावायला दोन दिवस लागले. “मोडायची नाही, मग पैसे येणार कुठून?” हेच ते विचारत होते. शनिवारी शाखेत गेलो. ताईंचं ऐकून दोन हप्ते बाजूला काढायचे होते, म्हणून उचल पुढच्या पगारानंतर घेणार आहोत. अर्जावर सही बाबांनी केली आणि हप्ता माझ्या पगाराच्या खात्यातून 8 तारखेला कापायला मी लिहून दिलं. माझा पगार 7 ला होतो.

वैष्णोदेवी चौकापासून लोकमान्यनगरपर्यंत मेट्रोत बसायला जागा मिळते. कालपासून जाताना रीझनिंग आणि येताना गणित, असं धरलंय. काल 35 पैकी 14 बरोबर आले.

रिपोर्ट काढला, तर अ‍ॅपचं एकच कर्ज दोनदा दिसतंय, 48,000 आणि पुन्हा 48,000. दुरुस्तीची तक्रार ऑनलाइन टाकली. 30 दिवसांत दुरुस्त झालं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे, असं वाचलं. ती भरपाई आपोआप मिळते की वेगळी मागावी लागते? आणि अ‍ॅपवाल्यांनाही वेगळं पत्र पाठवू का? कोणाला अनुभव असेल तर सांगा.